एक स्वप्न आणि दोनशे तेवीस टिपा

वार्षिकासाठी विद्यार्थ्यांकडून येणाऱ्या कथांत अलीकडे चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या सफरी पुष्कळ असतात, आणि त्या वाचताना आम्हांस आनंदच होतो. मात्र एक गोष्ट वारंवार खटकते. नायक चंद्रावर उतरतो, थोड्या वेळाने सूर्य मावळतो, तो झोपी जातो आणि सकाळी उठून न्याहारी करतो. जणू चंद्र म्हणजे मांडवीच्या पैलतीरावरचे एखादे गाव! कल्पित कथेत एवढे चालायचेच, अशी या बाललेखकांची समजूत असावी. परंतु चंद्रलोकीच्या प्रवासाची जी कथा अनेक जाणकार जगातील पहिली विज्ञानकथा मानतात, तिच्या कर्त्याची समजूत अगदी निराळी होती. त्याने एक लहानशी कथा लिहिली. आणि तिच्यातील अमुक गोष्ट अशीच का आणि तमुक तशीच का, हे सांगण्यासाठी तिला दोनशे तेवीस टिपा जोडल्या. टिपांचा विस्तार मूळ कथेच्या कितीतरी पट झाला.

हा कथाकार म्हणजे ग्रहगतीचे तीन नियम शोधून काढणारा जर्मन ज्योतिर्विद योहानेस केप्लर. पाठ्यपुस्तकात तो आपणांस तीन नियमांपुरता भेटतो आणि परीक्षा संपली की निघून जातो. आम्ही येथे त्याचे चरित्र सांगणार आहोत ते त्या कथेच्या आधाराने. कारण ही कथा त्याच्या विद्यार्थिदशेत अंकुरली, मरणापर्यंत त्याच्या सोबत राहिली, आणि मधल्या काळात तिने त्याच्या वृद्ध आईला जवळजवळ चितेवर नेऊन ठेवले. निदान त्याला स्वतःला तरी तसे वाटत होते.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी दक्षिण जर्मनीतील वाइल या गावी झाला. आजोबा गावचे नगराध्यक्ष होते, पण घराचे वैभव ओसरत चालले होते. बाप भाडोत्री शिपाई होता. लढाया शोधीत तो परमुलखात भटके, आणि अखेर एकदा घर सोडून गेला तो परतलाच नाही. आई काटारिना ही तोंडाने फटकळ, हाताने कष्टाळू आणि झाडपाल्याची औषधे जाणणारी बाई होती. लहानपणीच मुलाला देवी आल्या. जीव वाचला, पण दृष्टी कायमची अधू झाली. आकाशाचे नियम ज्याने जगाला सांगितले त्याला स्वतःला आकाश स्पष्ट दिसत नसे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १५७७ साली एक मोठा धूमकेतू दिसला, तेव्हा सहा वर्षांच्या या मुलाचा हात धरून आईने त्याला गावाबाहेरच्या उंचवट्यावर नेले व तो दाखविला. पुढे ज्या बाईवर चेटकीण असल्याचा आरोप आला ती हीच.

मुलगा हुशार निघाला. त्या राज्याच्या ड्यूकांनी हुशार व गरीब मुलांसाठी शिष्यवृत्त्या ठेविल्या होत्या. त्यांच्या बळावर तो ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात पोहोचला. तेथे मेस्टलिन नावाचे गणिताचे अध्यापक होते. वर्गात ते जुनेच मत शिकवीत, म्हणजे पृथ्वी स्थिर आणि सूर्य फिरता. पण निवडक शिष्यांना कोपर्निकसचे नवे मतही समजावून सांगत. तरुण केप्लरने ते मनापासून स्वीकारले. लोकांचा आक्षेप असा, की पृथ्वी जर फिरते तर आम्हांला ते जाणवत का नाही? त्यावर केप्लरला एक युक्ती सुचली. समजा, कोणी चंद्रावर राहत आहे. त्याला आकाश कसे दिसेल? त्याला वाटेल की आपला चंद्र जागच्या जागी स्थिर आहे आणि सारे विश्व आपल्याभोवती फिरत आहे. आपण खाली उभे राहून स्पष्ट पाहतो की त्याची समजूत चुकीची आहे. मग आपल्या स्वतःच्या समजुतीचे काय? १५९३ साली केप्लरने हा विषय वादसभेसाठी मांडला, परंतु संबंधित प्राध्यापकांनी सभा भरविण्यास परवानगी दिली नाही. निबंध बाजूला पडला. विद्यार्थ्याने बाजूला ठेवलेल्या वहीतील विषय सोळा वर्षांनी कथा होऊन बाहेर आला.

१५९४ साली केप्लर ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे गणितशिक्षक म्हणून गेला. आपल्या जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चची पायाभरणी झाली तेच हे वर्ष. शिक्षक म्हणून तो फारसा यशस्वी नव्हता. त्याच्या तासाला विद्यार्थी थोडे असत. आमच्या व्यवसायातील मंडळींनी यातून हवे तर समाधान मानावे. पुढे धर्मकलहामुळे प्रॉटेस्टंटांना ग्रात्स सोडावे लागले, आणि १६०० साली केप्लर प्रागला टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदाकडे आला. टायको म्हणजे दुर्बीण निघण्यापूर्वीच्या काळातील सर्वांत काटेकोर निरीक्षक. वीस-पंचवीस वर्षे दररोज रात्री घेतलेल्या वेधांचा खजिना त्याच्यापाशी होता, आणि तो सहजासहजी कोणाला दाखवीत नसे. १६०१ च्या ऑक्टोबरात टायको वारला. सम्राट रुडॉल्फच्या दरबारी गणिती म्हणून त्याच्या जागी केप्लर नेमला गेला आणि तो खजिना त्याच्या हाती आला.

मंगळाची कक्षा ठरविण्याचे काम त्याने अंगावर घेतले. कित्येक वर्षे आकडेमोड केल्यावर एक वर्तुळाकार मांडणी जमली. ती टायकोच्या बहुतेक वेधांशी जुळे, फक्त काही ठिकाणी आठ कलांचा फरक पडे. आठ कला म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण चौथा हिस्सा. दुसऱ्या कोणी तेवढा फरक वेध घेणाऱ्याच्या माथी मारला असता. केप्लरने तसे केले नाही. टायको आठ कलांची चूक करणार नाही, असा त्याचा निश्चय होता. म्हणून त्याने स्वतःची सारी मांडणी मोडून टाकली आणि दोन हजार वर्षांचे वर्तुळही टाकून दिले. शेवटी लंबवर्तुळ सापडले. १६०९ साली 'नवे ज्योतिष' हा त्याचा ग्रंथ निघाला व पहिले दोन नियम जगापुढे आले. ग्रहांच्या गतीला भौतिक कारण असले पाहिजे, नुसती आकृती जुळून भागणार नाही, हा त्या ग्रंथाचा खरा आग्रह होता. त्याच्या प्रस्तावनेत समुद्राची भरती-ओहोटी चंद्राच्या आकर्षणाने होते असेही त्याने सांगितले. गॅलिलिओसारख्या थोर पुरुषाला ही केवळ पोरकट कल्पना वाटली. आमच्या घरच्या कोंकणीत आम्ही भरती-सुकती म्हणतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा हिशेब किनाऱ्यावरचा निरक्षर रापणकारही चुकत नाही. या एका बाबतीत तो गॅलिलिओपेक्षा केप्लरच्या पक्षाचा आहे.

याच सुमारास, प्रागमध्ये असताना, त्याने ती कथा लिहिली. तिचे लॅटिन नाव 'सोम्नियुम', म्हणजे स्वप्न. कथेचा निवेदक एका रात्री झोपी जातो आणि स्वप्नात एक पुस्तक वाचू लागतो. त्या पुस्तकातील ड्युराकोटस हा आइसलँड बेटावरचा मुलगा. त्याची आई जडीबुटीच्या मंतरलेल्या पिशव्या खलाशांना विकत असे. मुलाने कुतूहलाने एक पिशवी फाडली; आईला राग आला आणि तिने त्यालाच एका जहाजाच्या कप्तानाला देऊन टाकले. फिरत फिरत तो टायको ब्राहेच्या बेटावर आला, पाच वर्षे ज्योतिष शिकला आणि घरी परतला. आई आता पश्चात्तापाने आणि कौतुकाने भरली होती. मुलगा जे शिकून आला होता ते तिला आधीच ठाऊक होते. चंद्रलोकीचा एक जाणता आत्मा तिच्या हाकेला येत असे. ती त्याला बोलावते, आणि पुढची सारी कथा म्हणजे त्या आत्म्याने चंद्राचे केलेले वर्णन.

येथपर्यंत ही आजीबाईची गोष्ट वाटेल. पण जाणता आत्मा बोलू लागला की कथेचे रूप पालटते. चंद्र पन्नास हजार जर्मन मैलांवर आहे, असे तो सांगतो. जर्मन मैल सुमारे साडेसात किलोमीटरांचा, तेव्हा हे अंतर पावणेचार लाख किलोमीटरांच्या घरात जाते. आजच्या मोजणीने सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. आत्मे सूर्यप्रकाश सोसू शकत नाहीत, म्हणून प्रवास पृथ्वीच्या सावलीतूनच करावयाचा. ती सावली चंद्राला स्पर्श करते केवळ चंद्रग्रहणाच्या वेळी आणि फार तर चार तास. म्हणून प्रवासास मुदत चार तासांची! आत्मे हे कल्पित. पण सावलीचा शंकू, ग्रहणाचा काळ आणि अंतर ही तिन्ही गणिताने आलेली आहेत.

प्रवासाचा आरंभ फार त्रासाचा असतो, असे कथा सांगते. बंदुकीच्या दारूने उडवावे तसा धक्का बसतो. म्हणून प्रवाशाला आधी अफूच्या गुंगीत झोपवावे लागते, आणि धक्का एकाच सांध्यावर न बसता सर्व अवयवांत वाटला जाईल अशा रीतीने त्याचे अंग मांडावे लागते. वर हवा विरळ आणि थंडी भयंकर. म्हणून नाकपुड्यांशी ओला स्पंज धरावयाचा. पुढे एक ठिकाण असे येते, की तेथे पृथ्वीची ओढ आणि चंद्राची ओढ एकमेकींना तोलून धरतात. तेथे माणसाचे शरीर कोळ्याप्रमाणे गोळा होऊन आपसूक पुढे सरकू लागते. हे लिहिले गेले तेव्हा न्यूटनचा जन्मही झाला नव्हता, आणि त्याचा महाग्रंथ १६८७ साली यावयाचा होता. केप्लरची आकर्षणाविषयीची कल्पना न्यूटनइतकी नेमकी नव्हती. तिला लोहचुंबकाचा वास होता. तरीही दोन गोलांच्या दरम्यान ओढ समसमान होणारी जागा असलीच पाहिजे, हे त्याने आपल्या गृहीतांपासून काढले आणि मग कथेत घातले. क्रम असा होता, हे महत्त्वाचे.

या प्रवासाला माणसे कोणती योग्य, याविषयी जाणता आत्मा थट्टेने बोलतो. लठ्ठ माणसे नकोत, जर्मन तर नकोतच. घोडेस्वारीत जन्म घालविलेली किंवा वरचेवर इंडीजच्या जलप्रवासाला जाऊन वाळका पाव, लसूण आणि सुके मासे खाण्याची सवय झालेली माणसे चालतील. त्या काळी इंडीजच्या वाटेवरची पोर्तुगीज गलबते गोव्यालाच लागत, आणि सुक्या माशांविषयी आमच्याकडच्या वाचकांना अधिक सांगणे नकोच. तेव्हा या परीक्षेत आपण बहुतेक उतरलो असतो. पण सर्वांत उत्तम म्हणून ज्यांची शिफारस होते त्या कोण? वाळलेल्या म्हाताऱ्या, लहानपणापासून रात्रीबेरात्री बोकडावर किंवा काठीवर बसून दूरदूर उडत जाण्याची ज्यांना सवय असते त्या! प्रागच्या दरबारातील विद्वान मित्रांना हे वाचून हसू आले असेल. हे वाक्य पुढे किती महाग पडणार होते, याची लिहिणाऱ्याला कल्पना नव्हती.

चंद्रावर पोहोचल्यावर मात्र थट्टा संपते आणि आमच्या बाललेखकांनी वाचावे असे वर्णन सुरू होते. तेथील एक दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांचा आणि एक रात्रही तेवढीच. चंद्राचे दोन अर्ध. एका अर्धातील लोकांना आकाशात पृथ्वी सदैव दिसते, दुसऱ्या अर्धातील लोकांना ती कधीच दिसत नाही. पृथ्वीला तेथे 'वोल्वा' म्हणतात, म्हणजे फिरणारी, कारण तिच्यावरचे डाग एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाताना दिसतात. पण ती उगवत नाही आणि मावळतही नाही. खिळा ठोकून टांगल्याप्रमाणे आकाशात एकाच ठिकाणी राहते आणि तेथल्या तेथे तिच्या कला वाढतात व घटतात. आपल्या चंद्राच्या जवळजवळ चौपट रुंद अशी ती दिसते. आपल्याकडे चंद्रग्रहण असते तेव्हा त्यांच्याकडे सूर्यग्रहण असते. कोपर्निकसवादाचा वर्गात नाकारला गेलेला निबंध येथे पुन्हा उभा राहिला आहे, हे चतुर वाचकाच्या ध्यानात येईल: वोल्वा फिरते हे चंद्रावरच्या पोरालाही दिसते, फक्त वोल्वावर राहणाऱ्या शहाण्यांना ते पटत नाही.

दिवसा होरपळ आणि रात्री गारठा, असे हवामान म्हटल्यावर प्राणी कसे असावेत? केप्लरने त्यांना माणसाचे रूप दिले नाही. ते मोठे, सर्पासारखे, सच्छिद्र अंगाचे. झपाट्याने वाढणारे व अल्पायुषी. सूर्य चढला की ते गुहांत आणि खोल पाण्यात शिरतात. जे बाहेर राहतात त्यांची कातडी झाडाच्या सालीसारखी करपून गळते. हे प्राणी चंद्रावर नाहीत, तेथे श्वास घेण्याजोगी हवा नाही आणि समुद्रही नाहीत. त्या बाबतीत केप्लर चुकला. पुढे दुर्बिणीतून दिसलेले चंद्रावरचे गोल खळगे इतके रेखीव वाटले, की ते तेथील रहिवाशांनी बांधले असावेत असा तर्कही त्याने केला. ती वास्तविक उल्का आदळून झालेली विवरे होत. पण ऊन टाळायचे तर जमिनीखाली जा, हा त्याचा विचार पाहा. आपले चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले. त्याच्या उपकरणाने मोजले तेव्हा पृष्ठभागापाशी तापमान ५० अंश सेल्सियसच्या वर होते आणि अवघ्या ८ सेंटिमीटर खोलीवर शून्याखाली सुमारे १० अंश. यान उतरविले ते तेथील सकाळी आणि त्याला निद्रिस्त केले ते सप्टेंबरच्या आरंभी, चंद्रावरची सांज होण्यापूर्वी. कारण दिवस चौदा दिवसांचा आणि नंतरची रात्रही तेवढीच लांब.

कथा तेव्हा छापली गेली नाही. हस्तलिखित मात्र मित्रांच्या हातून फिरू लागले, आणि १६११ साली त्याची एक प्रत प्रागबाहेर गेली. तेच वर्ष केप्लरला घातक ठरले. सहा वर्षांचा मुलगा देवींनी गेला, पत्नी बार्बरा वारली, आणि आश्रयदाता रुडॉल्फ गादीवरून उतरला. केप्लर पुढच्या वर्षी लिंत्स येथे गेला, तेथे त्याने दुसरा विवाह केला, आणि थोडी स्थिरता येते न येते तोच १६१५ च्या अखेरीस गावाकडून पत्र आले. लेओनबर्ग येथे राहणाऱ्या त्याच्या आईवर एका शेजारणीने आरोप केला होता की, हिने दिलेल्या पेयामुळे मला दुखणे जडले. ही चेटकीण आहे.

त्या काळातील जर्मन मुलखात हा शब्द म्हणजे मृत्यूचा परवाना होता. एकदा तो उच्चारला गेला की गावातील प्रत्येकाला आपापले जुने दुखणे आठवू लागे. शाळामास्तर लंगडा झाला होता, एका मुलीचा हात बधिर झाला होता. सर्वांची बोटे काटारिनाकडे वळली. तिने आपल्या बापाची कवटी उकरून तिचा पेला मुलासाठी करून देण्याविषयी थडगी खणणाऱ्याला विचारले होते, तेही बाहेर आले. आणि केप्लरला आठवली ती आपली कथा: जडीबुटी विकणारी आई, आत्म्यांना बोलावणारी आई, ज्योतिर्विद मुलगा. त्याने टिपांत लिहून ठेवले आहे की, ती प्रत ट्यूबिंगेनकडे गेली, न्हाव्यांच्या दुकानांतून तिची चर्चा झाली, आणि अडाणी मनांनी कथेतील आई ही लेखकाची आईच असे धरले. आजचे इतिहासकार याविषयी साशंक आहेत. कज्जाच्या कागदपत्रांत कथेचा आधार घेतलेला दिसत नाही, आणि शेजारणीचे वैर कथेवाचूनही पुरेसे होते. पण मुलाच्या मनाला लागलेला काटा त्यामुळे खोटा ठरत नाही.

कज्जा पाच-सहा वर्षे रेंगाळला. मधल्या काळात तीस वर्षांचे युद्ध पेटले, केप्लरची एक लहान मुलगी वारली, आणि याच काळात, १६१८ साली, त्याला तिसरा नियम सापडला. १६२० च्या ऑगस्टमध्ये रात्रीच्या वेळी म्हातारीला मुलीच्या घरातून पेटीत घालून उचलून नेले. ती सत्तरीच्या पुढे गेली होती. तिला साखळदंड घातले, दोन पहारेकरी ठेविले, आणि त्यांचा खर्च तिच्याच मालमत्तेतून घेतला. केप्लर लिंत्सचे काम सोडून आला. सम्राटाच्या गणित्याने एका खेड्यातील म्हातारीचा खटला चालवावा, हे अधिकाऱ्यांना आवडले नाही. कागदपत्रांत तशी कुरकुर नोंदलेली आहे.

त्याने बचाव कसा केला, ते आम्हांस या चरित्रातील सर्वांत मोलाचे वाटते. आई साध्वी आहे, देवभोळी आहे, असे रडगाणे त्याने गाइले नाही. त्याने एकेक साक्ष घेतली आणि तिचे भौतिक कारण शोधले. शाळामास्तर लंगडा झाला तो पूर्वी एक खंदक उडी मारून ओलांडताना झालेल्या दुखापतीने. मुलीचा हात बधिर झाला तो जड विटा वाहून. शेजारीण आजारी होती ती पूर्वीपासून, आणि चुकीच्या औषधांनी तिचे दुखणे वाढले होते. तारखा जुळत नव्हत्या, साक्षी एकमेकींना छेद देत होत्या; त्याने त्या मंगळाच्या वेधांप्रमाणे मांडून दाखविल्या. शंभराहून अधिक पानांचे ते लेखी निवेदन आहे. आठ कलांचा फरक ज्याने सोडला नाही, तो आईच्या जिवाच्या हिशेबात एखादी अफवा तशीच कशी जाऊ देईल?

विद्यापीठातील कायदेपंडितांनी निर्णय दिला की, प्रत्यक्ष छळ न करता छळाचे भय दाखवावे. २८ सप्टेंबर १६२१ रोजी काटारिनाला त्या खोलीत नेले, आणि जल्लादाने एकेक हत्यार दाखवून त्याचा उपयोग समजावून सांगितला. म्हातारी गुडघे टेकून प्रार्थना म्हणाली, परंतु जे केले नाही ते कबूल करण्यास तिने नकार दिला. चौदा महिन्यांच्या कैदेनंतर तिला सोडण्यात आले. लेओनबर्गला परत जाण्याची सोय उरली नव्हती; तेथील लोक जीव घेण्याची धमकी देत होते. १६२२ च्या एप्रिलमध्ये ती वारली.

टिपा लिहिण्याचे काम केप्लरने या खटल्याच्या सुमारास हाती घेतले आणि पुढे दहा वर्षे अधूनमधून चालविले. त्या टिपा नुसत्या गणिताच्या नाहीत. त्यांत थट्टा आहे, आठवणी आहेत, आणि आमच्या मते एका मुलाने दिलेली जबानीही आहे. त्या जाणत्या आत्म्याला बोलावण्याचा मंत्र एकवीस अक्षरांचा का? तर कोपर्निकसच्या ज्योतिषाचे लॅटिन नाव एकवीस अक्षरांचे आहे म्हणून! तो आत्मा म्हणजे भूत नव्हे. मूळ ग्रीक शब्दाची व्युत्पत्ती केप्लरने जाणणे या धातूपासून लावली आणि त्या आत्म्याला ज्ञानच मानले. कथेतील आई म्हणजे अशिक्षित अनुभव, आणि मुलगा म्हणजे त्या अनुभवापासून जन्मलेले शास्त्र. ज्या ओळींचा लोकांनी जादूटोणा केला होता, त्या प्रत्येक ओळीखाली त्याने कारण लिहिले.

मराठी वाचकाला चंद्रप्रवासाची कथा १९०० च्या सुमारास 'केरळकोकिळ' मासिकातून भेटली, ती मात्र फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याच्या कादंबरीवरून. आणि स्वतः ज्योतिर्विद असून कथा लिहिणारे केप्लरचे खरे सगोत्र आपल्याकडे झाले ते जयंत नारळीकर (१९३८–२०२५). त्यांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ साली टोपणनावाने पाठविली होती आणि तिला बक्षीस मिळाले.

केप्लरच्या अखेरच्या वर्षांविषयी थोडक्यात सांगण्यासारखे आहे. टायकोच्या वेधांवर आधारलेली ग्रहांची कोष्टके १६२७ साली उल्म येथे छापून झाली. बुधाचे सूर्यबिंबावरून होणारे अधिक्रमण १६३१ च्या नोव्हेंबरात दिसेल असे त्याने आधीच वर्तविले होते. ते पॅरिसमध्ये गासांदी याने पाहिले, परंतु तोवर केप्लर हयात नव्हता. पगाराची थकबाकी वसूल करण्यासाठी तो १६३० च्या शरदात घोड्यावरून रेगेन्सबुर्गला गेला, तेथे तापाने आजारी पडला आणि १५ नोव्हेंबरला वारला. ज्या वर्षी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तेच हे वर्ष. गावकुसाबाहेर त्याला पुरले, आणि युद्धात ती स्मशानभूमीच नाहीशी झाली. थडग्याची जागा आज कोणालाही दाखविता येत नाही.

तो घरून निघाला तेव्हा 'स्वप्ना'ची पहिली काही पाने छापली गेली होती. जावई बार्ट्श याने पुढचे काम अंगावर घेतले. तोही १६३३ साली वारला. विधवा सुझाना मुलाबाळांसह हलाखीत होती. शेवटी थोरला मुलगा लुडविग याने ते पुरे केले आणि १६३४ साली पुस्तक बाहेर आले. त्याच्या आरंभीच्या पानांवर ड्युराकोटस सांगतो की, हे सारे लिहावे असे मला पूर्वीपासून वाटत होते, परंतु आई जिवंत असेतो तिने लिहू दिले नाही. आता ती वारली आहे, म्हणून लिहितो. ही ओळ केप्लरने लिहिली तेव्हा त्याची आई लेओनबर्गला धडधाकट होती आणि घरच्या बागेतील झाडपाल्याची औषधे लोकांना देत होती.